घाणेरा, नरक्या, अमृता

पावसाळ्यात साखरप्याहून आंबा घाटाच्या पोटातल्या रानात शिरले की कधी कधी एक कुजकट वास नाकाशी येतो. मेलेल्या जनावराचा म्हणावा तर तसा नाही, साचलेल्या चिखलाचाही नाही. वासाचा माग काढत गेले तर एखाद्या ओघळाच्या कडेला, मोठ्या झाडांच्या सावलीत, दोन-तीन पुरुष उंचीचे एक किरकोळ झाड उभे दिसते. साल सुरकुतलेली, पाने रुंद आणि फांद्यांच्या टोकांना दाटीने आलेली, गळून गेलेल्या पानांचे वण फांदीभर. टोकाला पिवळट पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके. वास त्या फुलांचा.

माणसांनी या झाडाला नाव ठेवताना नाकाची साक्ष काढली. कुठे ते घाणेरा झाले, कुठे नरक्या. (कुंपणाची घाणेरी, म्हणजे टणटणी, ती वेगळी. तिचा याच्याशी संबंध नाही.) पण याच झाडाला सह्याद्रीत आणखी एक नाव आहे : अमृता. एकाच झाडाच्या अंगावर नरक आणि अमृत ही दोन्ही नावे नांदावीत, असा योग आपल्या रानात विरळाच. आज वनखात्याच्या कागदांत, वर्तमानपत्रांत आणि तस्करीच्या बातम्यांत चालते ते नाव मात्र नरक्या. हा मागोवा या नावांचा आहे. झाडाला नवे नाव मिळाले की त्याचे नशीबही कसे पालटत गेले, त्याचा आहे.

घाणेरा

कोकणातल्या जुन्या माणसाला रानातल्या झाडांची ओळख उपयोगावरून असते. ऐन आणि किंजळ घराच्या लाकडाला. शिकेकाई आणि रिठा न्हाणीला. कोकम आमसुलाला आणि मुठेलाला. हिरडा पोटाला, वावडिंग तान्ह्या पोराला, बिब्बा टाचेच्या भेगेला. कुडा, अडुळसा, गुळवेल, उपलसरी ही मंडळी तर परसातल्या नातेवाइकांसारखी. ज्याला उपयोग त्याला नाव, आणि ज्याला नाव त्याला काहीएक रीत : कधी तोडायचे, किती घ्यायचे, कोणत्या दिवशी हात लावायचा नाही.

नरक्या या नातेवाइकांत नव्हता. लाकूड घराच्या कामाचे नव्हे, फळ रोजच्या ताटातले नव्हे, देवाला फूल वाहावे तर वास हा असा. वैदूच्या बटव्यात त्याला हिरड्या-बेहड्यासारखे मानाचे घर नव्हते. त्रिफळ्यात तो नाही, दशमुळात नाही. खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांच्या पूर्वेला सह्याद्रीचा कडा जिथे कोकणात उतरतो, तिथल्या सदाहरित आणि निमसदाहरित पट्ट्यात तो पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. कोणी त्याच्या वाटेला गेले नाही. बिनकामाचे असणे हेच त्याचे कुंपण होते.

निमोनियाना

पहिले छापील नाव त्याला मुंबईत मिळाले. १८३९ मध्ये जॉन ग्रॅहॅम या वनस्पतिप्रेमी अधिकाऱ्याने मुंबई आणि परिसरातल्या वनस्पतींची यादी छापायला घेतली. ती पुरी व्हायच्या आत, त्याच वर्षी, खंडाळ्याला त्याचा मृत्यू झाला. उरलेले काम त्याचा मित्र निमो याने तडीस नेले. त्या यादीत हे झाड आले आणि त्याला निमोचे नाव चिकटले. पुढे दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच झाडाला मॅपिया फिटिडा म्हटले. 'फिटिडा' म्हणजे लॅटिनमध्ये दुर्गंधी. साहेबाच्या नाकाने आणि संगमेश्वरच्या धनगराच्या नाकाने एकच निकाल दिला होता. आजचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. जुन्या शोधनिबंधांत मात्र फिटिडा हेच नाव भेटते.

यादीत नाव आले म्हणून झाडाला काही झाले नाही. वनस्पतिसंग्रहालयात वाळवलेली एक फांदी, तिच्याखाली शाईने लिहिलेली एक ओळ, एवढ्यावर पुढची सव्वाशे वर्षे निघून गेली.

१९६४ मध्ये महाराष्ट्राने झाडे तोडण्यावर नियमन आणणारा कायदा केला. खासगी जमिनीवरची ठरावीक जातींची झाडेही परवानगीशिवाय तोडता येऊ नयेत, म्हणून कायद्याला झाडांची एक यादी जोडली. साग, चंदन, खैर, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, हिरडा अशी ती नावे. यादी वाचली तर त्या काळच्या सरकारला कशाची किंमत वाटत होती, ते कळते. नरक्या त्यात नव्हता. तो असावा असे वाटण्याचे कारणही नव्हते, कारण त्याला किंमत मिळायला अजून दोन वर्षे होती. आणि ती किंमत ठरणार होती इथून साताठ हजार मैलांवर, अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत, एका निराळ्याच झाडावरून.

कॅम्प्टोथेसिन

नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेत गेले, १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठाची पीएचडी घेतली आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. वॉल यांच्याकडे एका चिनी झाडाचा अर्क होता. चीनमध्ये त्या झाडाला 'आनंदाचे झाड' म्हणतात. या अर्काने प्रयोगातल्या उंदरांचा रक्ताचा कर्करोग रोखला होता, पण अर्कात नेमके काय काम करते ते ठाऊक नव्हते. वॉल आणि वाणी यांनी ते द्रव्य वेगळे काढले, त्याची रचना मांडली आणि १९६६ मध्ये जाहीर केले. झाडाच्या लॅटिन नावावरून द्रव्याचे नाव पडले कॅम्प्टोथेसिन. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, याच जोडीने टॅक्सॉल जगापुढे ठेवले. कर्करोगाच्या औषधांतली दोन मोठी घराणी एकाच टेबलावर सापडली, आणि त्या टेबलाशी खानदेशातला एक माणूस बसला होता.

चिनी झाडाची अडचण अशी की त्यात हे द्रव्य फारच थोडे. मग शोध सुरू झाला : हेच द्रव्य आणखी कोणत्या झाडात आहे?

उत्तर १९७२ मध्ये मुंबईहून आले. गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे संचालक टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांनी मॅपिया फिटिडातली अल्कलॉइड्स तपासली आणि त्यात कॅम्प्टोथेसिन सापडल्याचे प्रसिद्ध केले. चिनी झाडाच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक. पुढच्या तपासण्यांत काही झाडांच्या लाकडात हजारात तीन भागांपर्यंत हे द्रव्य आढळले. ज्या घाणेऱ्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तो या द्रव्याचा जगातला सर्वांत संपन्न साठा ठरला.

तरी रान लगेच हलले नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅम्प्टोथेसिनचे क्षार रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा मूत्राशयावर वाईट परिणाम झाले आणि प्रयोग थांबले. द्रव्य फडताळात गेले. १९८५ मध्ये ते पुन्हा खाली काढले गेले, कारण ते काम कसे करते याचा उलगडा झाला. पेशी दुभंगताना तिच्यातल्या डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. ते काम टोपोआयसोमरेज नावाचे विकर करते : धागा कापायचा, पीळ काढायचा, पुन्हा सांधायचा. कॅम्प्टोथेसिन या विकराला कापल्या जागीच धरून ठेवते. सांधा होत नाही आणि भराभर वाढणारी पेशी मरते. या विकराच्या पहिल्या प्रकाराला, टोपोआयसोमरेज-१ला, असे अडवणारे द्रव्य तोवर औषधशास्त्राला ठाऊक नव्हते.

द्रव्याचे दोष काढून दोन औषधे तयार झाली. एक इरिनोटेकॅन. ते जपानच्या याकुल्ट कंपनीने बनवले. आंबवलेल्या दुधाच्या चिमुकल्या बाटल्या विकणारी तीच ही याकुल्ट. जपानमध्ये ते १९९४ मध्ये बाजारात आले, अमेरिकेत १९९६ मध्ये. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते आज जगभर दिले जाते, आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. दुसरे टोपोटेकॅन. अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्यालाही अमेरिकेत १९९६ मध्येच परवानगी मिळाली. ही दोन्ही औषधे कारखान्यात बनतात हे खरे, पण त्यांची सुरुवात झाडातून काढलेल्या कॅम्प्टोथेसिनने होते. कारखान्याला लाकूड लागते.

माल

आता नरक्याला आणखी एक नाव मिळाले, आणि हे नाव ठेवायला नाकही लागले नाही की लॅटिनही. ते नाव 'माल'.

हिशेब साधा आहे. लाकडात हजारात एक-दोन भाग द्रव्य धरले, तर एक किलो द्रव्यासाठी अर्धा ते एक टन सुके लाकूड हवे. झाड तर हातभर घेराचे. म्हणजे एका किलोमागे किती झाडे, ते ज्याचे त्याने मोजावे. शिवाय द्रव्य खोडात आहे आणि मुळातही आहे. फळासारखे झाडाला न दुखवता ते काढता येत नाही. झाड बुंध्यातून कापायचे, हाव मोठी असली तर मूळही खणायचे, ढपले पाडायचे, वाळवायचे, पोत्यांत भरायचे. ढपल्यांवरून झाड ओळखणे हे तपासनाक्यावरच्या माणसाला सोपे नसते. सरपण म्हटले तर सरपण.

नव्वदच्या दशकापासून कोल्हापूर, सिंधुदुर्ग, सातारा आणि रत्नागिरीच्या सह्याद्रीलगतच्या पट्ट्यात ही तोड वाढत गेली. नरक्याची पोती पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येऊ लागल्या. नरक्या हे नाव ज्यांनी कधी ऐकले नव्हते, त्यांना ते पहिल्यांदा कळले ते असे, गुन्ह्याच्या बातमीतून. या व्यवहाराची साखळी कोकणाला परिचित अशीच. खाली कोयता-कुऱ्हाड घेऊन रानात जाणारा, रोजावर किंवा किलोवर पैसे घेणारा माणूस. त्याच्या वर गावातला गोळा करणारा. त्याच्या वर घाटावरचा व्यापारी. त्याच्याही वर अर्क काढणारा, आणि मग देशीविदेशी कारखाना. शेवटच्या टोकाला सलाइनच्या नळीतून थेंबाथेंबाने जाणारे औषध आणि त्याची किंमत ऐकून घरदार गहाण टाकायला निघालेला रुग्णाचा मुलगा. पहिल्या टोकाच्या माणसाला या शेवटच्या टोकाची काही कल्पना नसते. आपण तोडतो ते लाकूड कशाला लागते, असे विचारले तर 'कसल्याशा औषधाला' यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नसते. त्याला मिळणारा पैसाही त्याच उत्तराच्या मापाने असतो.

रत्नागिरीत या गोष्टीला आणखी एक पेच आहे. सातारा-कोल्हापूरकडे सह्याद्रीचे जंगल मोठ्या प्रमाणात सरकारी, राखीव. तिथे नरक्याला हात लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली सरळ गुन्हा. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडे. आपण ज्याला रान म्हणतो ते बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची कडा जिल्ह्याला लागते, पण कड्याखालचा उतार खासगी. आणि खासगी रानाची कोकणातली रीत ठरलेली : काही वर्षांनी व्यापाऱ्याला उक्ते तोडीला द्यायचे. व्यापारी परवानगी काढतो यादीतल्या झाडांची. ज्यांची नावे यादीत नाहीत, ती 'किंजळ-ऐन सोडून इतर' अशा एका शब्दात जातात. त्या 'इतर'मध्ये नरक्या उभा असतो, आणि व्यापाऱ्याने तो ओळखला नाही तर कोळशाच्या भट्टीतही जातो. म्हणजे ओळखला तर चोरीला, न ओळखला तर सरपणाला.

ज्यांना रीत होती

जगात रानातून खणून काढलेल्या औषधांचा राजा म्हणजे जिनसेंग. त्याची कथा नरक्याशेजारी ठेवली की काय हरवले ते दिसते.

कोरियात रानातले जिनसेंग शोधणाऱ्यांची एक वेगळीच जमात होती, सिम्मानी. डोंगरात जाण्याआधी डोंगराच्या देवाची पूजा, खाण्याजेवण्याचे नेम, आपसात बोलायची सांकेतिक भाषा, आणि मूळ दिसले की द्यायची ठरावीक आरोळी. चीनमध्ये या मुळाचा मान इतका की १७११ मध्ये जार्तू या जेझुइट पाद्र्याने तिथून त्याचे वर्णन युरोपला धाडले. ते वाचून १७१६ मध्ये लाफिताउ या दुसऱ्या पाद्र्याने कॅनडात माँट्रियलजवळच्या रानात तसेच झाड हुडकले. पुढे जे झाले ते नरक्यासारखेच. फ्रेंच व्यापाऱ्यांनी लोकांना शेती टाकून मुळे खणायला लावले. माल अवेळी काढला, भट्टीत घाईने वाळवला. १७५०च्या दशकात चिनी गिऱ्हाइकाने तो नाकारला आणि बाजार कोसळला. 'जिनसेंगसारखे कोसळले' अशी म्हणच तिथल्या फ्रेंचांत पडली. तरी धंदा दक्षिणेला सरकला. १७८४ मध्ये स्वतंत्र अमेरिकेचे पहिले व्यापारी जहाज चीनला गेले, तेव्हा त्यात सुमारे ३० टन जिनसेंग होते.

पण अमेरिकेच्या अॅपलॅचियन डोंगरांत हे खणणे दोन-अडीचशे वर्षे टिकले आणि त्याच्याभोवती रीत जमली. आजोबा नातवाला जागा दाखवतो, दुसऱ्याला नाही. फळ लाल झाल्याशिवाय खणायचे नाही. मूळ काढले की त्याच खड्ड्यात लाल फळे पुरायची. नंतर कायद्याने हेच उचलले. बऱ्याच राज्यांत हंगाम सप्टेंबरमध्ये उघडतो, कोवळे झाड खणायला बंदी असते, बी तिथेच लावायची सक्ती असते. १९७५ मध्ये अमेरिकन जिनसेंग आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणाऱ्या करारात आले. रीत म्हणजे काही कवच नव्हे. तिथेही चोऱ्या होतात, तिथेही रान विरळ झाले. पण कायदा करणाऱ्याच्या हाताशी लोकांचीच एक चाल होती. ती त्याला शून्यातून बनवावी लागली नाही.

योगायोगाची गोष्ट अशी की त्याच डोंगरांचा एक भाग नॉर्थ कॅरोलायनात येतो, जिथे वॉल आणि वाणी यांनी कॅम्प्टोथेसिन शोधले. एकाच राज्यात दोन रानऔषधे. एकाला आजोबा होते, दुसऱ्याला नव्हते. कारण ते द्रव्य देणारी झाडे तिथली नव्हतीच. त्यांतले सर्वांत संपन्न आमचे होते, आणि आम्हाला त्याची किंमत ठाऊक नव्हती.

आपल्याकडे रीत नव्हती असे नाही. ती इतरांसाठी होती. पहिल्या पावसात सड्यावर आणि डोंगरउतारावर फोडशी उगवते. ती मुसळीच्या कुळातली. बायका पाने कापून भाजी करतात, कंद जमिनीत ठेवतात, म्हणून पुढच्या मिरगालाही भाजी असते. याच कुळातल्या पांढऱ्या मुसळीच्या एका जातीला सान्तापाव आणि फर्नांडिस या शास्त्रज्ञांनी पन्नासच्या दशकात बोरिवलीचे नाव दिले. नव्वदनंतर 'भारतीय जिनसेंग' म्हणून या मुसळीचा गवगवा झाला, तेव्हा रानातले कंद खणले गेले, शेतात लागवडी झाल्या, चढे भाव सांगून बेणे विकले गेले आणि मग भाव उतरले. भाजी करणाऱ्या बाईने जे शेकडो वर्षे राखले, ते बाजाराने काही हंगामांत उकरले.

बेहड्याचे बघा. नलोपाख्यानात कली ज्या झाडात शिरून बसतो ते हे झाड. ऋग्वेदातला जुगारी ज्या फाशांनी हरतो ते फासेही याच्या फळांचे. असल्या इतिहासामुळे बेहड्याखाली झोपू नये, तो तोडू नये, असे सांगणारी माणसे जागोजागी होती. तेवढ्या भीतीवर कितीतरी जुने, पोकळ बुंध्यांचे बेहडे उरले. त्या ढोल्यांत धनेश घर करतो, ज्याला कोकणात माडगरुड म्हणतात. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून फळे भरवतो. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांशी करार केले : बेहडा तोडायचा नाही, फळ खाली पडेल ते वेचायचे, काही पक्ष्यांना आणि बीजाला सोडायचे, आणि नीट वाळवलेल्या फळाला चांगला दाम. रानमाल जपून गोळा केल्याची ग्वाही देणारे 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र या बेहड्याला आणि भीमाशंकरकडच्या हिरड्याला मिळाले, आणि तो माल विलायतेच्या हर्बल चहा बनवणाऱ्या कंपनीपर्यंत गेला. सरपणाच्या भावाने जाणारे झाड उभे ठेवण्यात फायदा आहे, हे जमीनमालकाला हिशेबाने पटले. जुन्या भीतीच्या जागी नवा करार आला, पण झाड त्यामधल्या काळात टिकून होते म्हणून तो येऊ शकला.

नरक्याला ना भीती होती, ना भाजी, ना व्रत. त्याला किंमत आली ती रीतीच्या आधी आली. बेहड्याचे फळ वेचता येते, नरक्याचे खोड वेचता येत नाही, हा फरक आहेच, आणि तो मोठा आहे. पण जिनसेंगही मूळ खणूनच निघते. खणूनही राखणे ही गोष्ट माणसे शिकतात. फक्त त्याला दोन-चार पिढ्या लागतात, आणि नरक्याला तेवढी सवड मिळालीच नाही.

अमृता

शास्त्रज्ञ वाट काढू पाहत आहेत. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी, पश्चिम किनाऱ्याकडच्या नरक्याच्या सालीत राहणारी एक बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन बनवते, असे दाखवले. बुरशी टाकीत वाढवता आली तर झाड तोडायला नको, अशी आशा तेव्हापासून आहे. अडचण अशी की झाडापासून दूर, प्रयोगशाळेत पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या की अशा बुरशा द्रव्य बनवणे हळूहळू सोडून देतात. जणू माहेर सुटले की हातची चव जाते. ऊतिसंवर्धनाने रोपे बनवण्याचे प्रयोग झाले आहेत. जास्त द्रव्य देणारी झाडे हुडकून त्यांची लागवड करावी, असे सांगणारे निबंधही आहेत. नरक्या बुंध्यातून पुन्हा फुटतो, म्हणून मूळ न खणता, जमिनीपासून वर कापून, फुटव्यांना वर्षे देऊन पाळीपाळीने घेता येईल, हेही त्यात आहे. हे सगळे खरे आहे आणि हे सगळे होईपर्यंत रानात झाड असले पाहिजे, हेही तितकेच खरे आहे. प्रयोगशाळेला लागणारी वाणांची विविधता रानातच आहे. एका घाटातल्या झाडात दुसऱ्या घाटातल्यापेक्षा कमी-जास्त द्रव्य असते, ते याचमुळे. एक झाड गेले की एक वाण जाते.

कायद्याचे काम मी कमी लेखत नाही. नाक्यावर पोते उघडून पाहणारा वनरक्षक नसता तर आज लिहायला झाड उरले नसते. पण रत्नागिरीत कायदा राखीव रानाच्या दगडी हद्दीशी थांबतो आणि नरक्या त्या हद्दीखालीही आहे. तिथे मालक आपण आहोत. सातबाऱ्यावर पन्नास नावे, त्यांतली चाळीस लालबाग, विरार आणि डोंबिवलीत, आणि रानाचा सौदा गणपतीला घरी आल्यावर दोन दिवसांत पडवीत बसून उरकलेला. कोणी रान फिरून पाहत नाही. पाहिले तरी नरक्या ओळखणारे डोळे घरात उरले नसतात.

तेव्हा एक साधी विनंती. गणपतीच्या दिवसांत नरक्याच्या फुलांचा बहर संपत आलेला असतो, रान हिरवे असते. एक सकाळ काढा आणि गावातल्या जुन्या गुराख्याला किंवा धनगराला बरोबर घ्या. तो वासावरून दाखवील. जितकी झाडे सापडतील तितक्यांना चुन्याचे पट्टे मारा. आणि पुढच्या खेपेला तोडीचा कागद सहीला समोर आला, की आपल्या हाताने त्यात एक ओळ घाला : 'नरक्या वगळून.' रीत अशीच सुरू होते. कोणीतरी पहिल्यांदा ती लिहावी किंवा पाळावी लागते.